चांगल्या पायाला बांधलेली पट्टी

माझ्या डाव्या पायात एक स्क्रू आहे. आमच्या मजल्यावरच्या कदमकाकूंचं म्हणणं असं की तो डॉक्टरांनी चुकीच्या ठिकाणी बसवला, ढिला होता तो वरचा. काकूंचं मी मनावर घेत नाही. आजारपणात त्यांनी माझ्यासाठी जे केलं त्यापुढे असले शंभर टोमणे माफ आहेत.

मी कबड्डी खेळते, चढाई करते. लालबागच्या पोरीने कबड्डी खेळावी यात नवल काहीच नाही. खेळाच्या जोरावर मला एका सरकारी कार्यालयात नोकरी लागली, त्यांच्या संघातून खेळता खेळता राज्याच्या संघापर्यंत पोचले. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. रोज सकाळ-संध्याकाळ अंग झिजवणाऱ्या माणसाला दुखणं नवीन नसतं, एवढंच सांगायचंय. सामान्य माणूस दुखलं की थांबतो, आम्ही दुखलं की आज सराव चांगला झाला म्हणतो. सगळी गोची तिथेच होते.

माझ्या फिजिओ मुक्ता मॅडम म्हणाल्या, हे सगळं लिही, तुझ्यासारख्या शंभर जणी आहेत. मी डॉक्टर नाही. औषधांची नावं मला विचारू नका, आईला पाठ आहेत.

आमच्या संघाची रीत

कबड्डीत चढाई करणारी एकटीच पलीकडे जाते. समोर सात जणी. हिचं कुठे दुखतंय ते हेरणं हे त्यांचं पहिलं काम. घोट्याला पट्टी दिसली की कोपऱ्यातली खेळाडू नेमकी त्याच घोट्यावर झेपावते. ती दुष्ट असते म्हणून नव्हे, आम्हीही तेच करतो. म्हणून आमच्या संघात एक जुनी रीत आहे. दुखऱ्या पायाला पट्टी बांधायची नाही, चांगल्या पायाला बांधायची. समोरची फसून चांगल्या पायाकडे येते आणि आपण दुसऱ्या बाजूने निसटतो.

ही रीत मला शिकवली रेखाताईने. रेखाताई म्हणजे आमची कप्तान. शीव कोळीवाड्याची, उंचीला बेताची, पण तिने एकदा घोटा धरला की सोडवून घेणारी पोरगी मी अजून पाहिलेली नाही. एका सामन्यात तिचं बोट निखळलं. तिने पंचांकडे पाठ केली, बोट ओढून जागेवर बसवलं आणि पुढच्याच चढाईला त्याच हाताने पकड केली. सामना संपल्यावर आम्हाला कळलं. तो सगळा वेडेपणा होता असं आज कुणी म्हणालं तर मी भांडेन. तिच्याकडे बघून मी खेळाडू झाले.

तर माझा डावा पाय दुखायला लागला. सकाळी उठल्यावर पहिली काही पावलं टाकताना, मग उडी मारताना, मग जिना उतरताना. घोट्याच्या जरा पुढे, पायाच्या वरच्या बाजूला, आत खोल कुठेतरी. मी रीतीप्रमाणे उजव्या पायाला पट्टी बांधली आणि अख्खा मोसम खेळले. चांगली खेळले, हे विशेष.

आता पुढची गंमत ऐका. आमच्या संघाचे व्यवस्थापक पट्टी बघून बघून काळजीत पडले आणि एक दिवस मला जबरदस्तीने एक्स-रे काढायला घेऊन गेले. अर्थात उजव्या पायाचा! मी तोंडातून शब्द काढला नाही, कारण पुढच्या आठवड्यात स्पर्धा होती. एक्स-रे नॉर्मल आला. साहेब खूश झाले आणि खोटं कशाला सांगू, मीही खूश झाले. आईने देवापुढे साखर ठेवली. चांगल्या पायाचा एक्स-रे चांगला आला म्हणून आनंद मानणारी माणसं जगात फक्त आमच्याच संघात असतील.

ज्या पायाला पट्टी, त्याच पायावर उभी

मुक्ता मॅडम आमच्या संघाच्या नव्या फिजिओ. राहायला शिवाजी पार्कला, बोलणं शुद्ध, आवाज कधी चढत नाही. आम्हाला वाटलं, ही बाई आमच्यात आठवडाभर टिकणार नाही.

त्या आल्या त्या दिवशी दादरच्या सराव हॉलमध्ये संघाचा फोटो काढायचा होता. आम्ही ओळीने उभ्या राहिलो. फोटोवाला भिंगं बदलत बसला होता. मॅडम बाजूला उभ्या राहून नुसत्या बघत होत्या. फोटो झाल्यावर माझ्याजवळ आल्या.

"उजव्या घोट्याला काय झालंय?"

"मुरगळलाय जरा. विशेष नाही."

"मग ज्या पायाला पट्टी, त्याच पायावर सगळा भार टाकून का उभी आहेस गं?"

इतकी वर्षं सात-सात जणी माझ्या पायांकडे टक लावून बघत आल्या, कुणाला जमलं नव्हतं. मी हसून वेळ मारून न्यायला गेले. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. मला बाकावर बसवलं, डाव्या पायाचा बूट काढला आणि एका ठिकाणी अंगठ्याने दाबलं. माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"दुखतंय?"

"नाही."

"किती? शून्य ते दहामध्ये?"

"दोन."

त्यांनी दाबणं थांबवलं आणि म्हणाल्या, "चेहरा छान सांभाळतेस. पण इथे कुणी तुला पकडायला बसलेलं नाही." मला त्यांचा एवढा राग आला, की घरी जाईपर्यंत मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते.

दोन दिवसांनी परळच्या एका हॉस्पिटलात एमआरआय झाला. डाव्या पायाच्या मधल्या छोट्या हाडाला ताणाने तडा गेला होता. तो वाढत वाढत आरपार जायला आला होता. ऑपरेशन करून स्क्रू बसवावा लागणार होता. मी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, "परत खेळता येईल?" ते म्हणाले, "चालता येईल, हे नक्की. खेळायचं नंतर बघू."

बाहेर आले आणि पायरीवर बसून रडले. रोगापेक्षा त्या 'नंतर बघू'ने जास्त रडवलं. खेळाशिवाय मी म्हणजे कोण, हा प्रश्न मला तोपर्यंत कधी पडलाच नव्हता.

वॉर्ड आणि गॅलरी

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं फार नाही. हॉस्पिटलची सकाळ फार लवकर होते. एक सिस्टर ताप बघते, दुसरी रक्तदाब, तिसरी चादर बदलते, आणि मग डॉक्टर येतात तेव्हा नेमकी आपल्याला डुलकी लागलेली असते. माझ्या शेजारच्या खाटेवर एक आजी होत्या, खुब्याचं हाड मोडलेल्या. त्या दुखलं की मोकळेपणाने ओरडायच्या. सिस्टर आली की तिला सांगायच्या, "बाई, लई दुखतंय, काहीतरी दे." सिस्टर गोळी द्यायची, आजी झोपायच्या. मी मात्र दात-ओठ खात पडून राहायची आणि विचारलं की "ठीक आहे" म्हणायची. एकदा आजी मला म्हणाल्या, "पोरी, तुला बक्षीस मिळणारे का काय?" मी पुढच्या वेळेस गोळी मागितली.

घरी आल्यावर खरी परीक्षा. आमची चाळ जुनी, संडास गॅलरीच्या टोकाला. त्या पायावर भार टाकायचा नव्हता आणि कुबड्यांवर तेवढं अंतर म्हणजे मोहीमच. पहिल्याच दिवशी मी मध्यावर घामाघूम होऊन भिंतीला टेकले. दुसऱ्या दिवशी दार उघडलं तर गॅलरीच्या बरोबर मध्ये एक प्लॅस्टिकची खुर्ची ठेवलेली. कदमकाकूंची. पाय पूर्ण टेकेपर्यंत ती खुर्ची तिथून हलली नाही. वर्दळीत लोकांना अडचण व्हायची, पण काकूंपुढे बोलायची कुणाची टाप नव्हती. गणपतीत तर अख्खी मुंबई आमच्या दाराशी लोटली आणि मी त्या खुर्चीवर बसून वरून फक्त डोकी मोजली.

आई चिवडा गल्लीजवळच्या मसाला कुटायच्या डंकेवर कामाला जाते. संध्याकाळी यायची ती मिरचीच्या वासासकट. हाडं जुळायला म्हणून रोज पायाचं सूप, नाहीतर भरपूर आटवलेलं कुळथाचं कळण. तिने माझं सगळं केलं, आणि सगळं करता करता रोज एकदा तरी तेच बोलायची.

"पुरे झाला आता ता कबड्डी. नोकरी हा ना? बस हाफिसात गप."

"आई, खेळतेय म्हणून नोकरी आहे."

"पाय ऱ्हवलो तर नोकरी. पाय गेलो तर काय करतलंस?"

एक दिवस मी चिडून ताट सरकवलं. आईने ताट उचललं आणि मोरीत जाऊन भांडी घासत बसली, माझ्याकडे पाठ करून. तिचे खांदे हलत होते. तिला भीती वाटत होती आणि मला राग येत होता, आणि दोन्हीचं कारण एकच पाय होता. खेळाडूच्या घरच्यांना कुणी फिजिओ नेमत नाही. नेमायला हवा.

व्हिडिओ

प्लास्टर निघालं, आधाराचा बूट आला, तोही निघाला. मुक्ता मॅडमच्या दादरच्या क्लिनिकमध्ये व्यायाम सुरू झाले. आणि रोज तोच तमाशा. त्या विचारायच्या किती, मी म्हणायची दोन. एक दिवस त्यांनी आकडा विचारायचं सोडून दिलं आणि लॅपटॉप उघडला. कुठल्यातरी दुसऱ्या राज्याच्या मुलींचा सामना लावला.

"यात कोण दुखापत घेऊन खेळतेय?"

हा तर माझा धंदा! चढाईला जायच्या आधी समोरच्या सातात कच्चा दुवा कोणता ते ओळखण्यावरच आमचं पोट. मी पटापट सांगत गेले. ही खांदा सांभाळतेय, बघा, साखळीत हात देताना उशीर करते. त्या कोपऱ्यातलीची पाठ धरलीये, ती वाकत नाही, बसते. मॅडम लिहून घेत होत्या. मग त्यांनी दुसरा व्हिडिओ लावला.

"आणि ही?"

गेल्या मोसमातली मीच होते. मॅडम म्हणाल्या, "ओळखीची आहे असं समजू नकोस. समोरच्या संघातली आहे. सांग."

बघितलं. उजव्या पायाला झकास पट्टी. चेहरा देवीच्या मूर्तीसारखा शांत. पण डावा पाय टेकायच्या आधी ही मुलगी श्वास धरत होती. प्रत्येक वेळेस. मधल्या रेषेवर परतली की सगळ्या टाळ्या देत होत्या तेव्हा ही एका पायावर उभी राहून टाळ्या देत होती. एवढं स्पष्ट दिसत होतं आणि मला ते आतून कधी कळलं नव्हतं.

"हिला फार दुखतंय," मी म्हणाले.

"किती?"

"सात. आठ." आणि मग मला रडूच आवरेना. मला त्या मुलीची दया आली. स्वतःची येत नव्हती, तिची आली.

मुक्ता मॅडमबद्दल मला जे वाटतं ते त्या दिवसापासून. त्यांनी मला एकदाही भित्री म्हटलं नाही, शूर म्हटलं नाही, उपदेश केला नाही. माझीच विद्या माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, आता ही स्वतःवर वापर.

वॉचमन

मला वाटलं, आता सुटले. पण दुखणं एवढं सरळ नसतं. स्कॅन झाला, हाड पूर्ण जुळलं होतं. डॉक्टरांनी पाठ थोपटली. आणि तरी दुखत होतं! पूर्वी तडा गेलेला असताना 'दोन' म्हणणारी मी, आता नुसत्या टाचा उचलल्या तरी कळवळत होते. मला खात्री होती, आत काहीतरी परत तुटलंय आणि सगळे मिळून लपवतायत.

मॅडमनी समजावलं ते असं. बिल्डिंगमध्ये एकदा चोरी झाली की वॉचमन पुढचे काही महिने दूधवाल्यालाही अडवतो. तो खोटं बोलत नसतो, घाबरलेला असतो. त्याच्यावर खेकसून उपयोग नाही आणि त्याचं ऐकून दूध बंद करूनही उपयोग नाही. रोज थोडं थोडं दाखवत राहायचं, की बाबा रे, हा ओळखीचा आहे.

मग ओळखपरेड सुरू झाली. शिवाजी पार्कच्या मातीत अनवाणी चालणं. एका पायावर उभं राहणं. जागच्या जागी छोटी उडी. दुखायचं. दुखलं तरी चालेल असं ठरलेलं होतं, फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी ते पूर्वीइतकं खाली यायला हवं. सकाळी जास्त असेल तर काल जास्त झालं. हा नियम मॅडमनी मला माझ्यासाठी घालून दिला होता, तुमचा तुमच्या माणसाला विचारा. पण त्या नियमामुळे मला पहिल्यांदा कळलं, की दुखणं म्हणजे नेहमीच मोडणं नव्हे, आणि न दुखणं म्हणजे धडधाकट असणंही नव्हे.

सगळ्यात अवघड गोष्ट शेवटी आली. घोटा दुसऱ्याच्या हातात देणं. कबड्डीत ते टळत नाही. मॅडम स्वतः मॅटवर बसल्या आणि दोन्ही हातांनी माझा डावा घोटा धरला, अगदी हलक्या हाताने. मी घाबरून त्यांना लाथ मारली, चांगली खांद्यावर. त्या उलट्या पडल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅडम उठल्या, चष्मा नीट केला आणि परत घोटा धरला. म्हणाल्या, "पायात जोर आलाय. नोंद करून ठेवते."

मैदानावर

नायगावच्या मैदानावर एका मंडळाची स्पर्धा होती. उपांत्य सामना. मी राखीव खेळाडूंत. आई आयुष्यात पहिल्यांदा सामना बघायला आली होती, कदमकाकूंना सोबत घेऊन. विरोध मागे घेतला म्हणून नव्हे, मी पडले तर उचलायला.

उत्तरार्धात रेखाताईने मला आत बोलावलं. पहिल्याच चढाईत समोरच्या कोपऱ्यातलीने माझा डावा घोटा धरला. कळ आली. मी पडल्या पडल्या स्वतःला विचारलं, ही कुठली? वरवरची, नेहमीची, पकडीची. वॉचमन ओरडतोय, ओरडू दे. पाय झटकला, मधल्या रेषेवर हात टेकला, गुण मिळाला. गर्दीत कदमकाकूंचा आवाज सगळ्यांच्या वर होता. मला हे जग परत मिळालं होतं.

आणखी दोन चढाया छान झाल्या. सामना बरोबरीत आला. आणि मग एका उडीनंतर पाय टेकला तेव्हा आत खोल काहीतरी ठणकलं. ही कळ वेगळी होती. मी उभ्या उभ्या श्वास धरला, आणि श्वास धरल्याचं मला कळलं.

शेवटची काही मिनिटं होती. पुढची चढाई माझी होती, संघात दुसरी कुणी तेवढ्या ताकदीची नव्हती. मी हात वर केला.

"रेखाताई, मला बसव. दुखतंय."

आमच्या संघात भर सामन्यात हे वाक्य कधी कुणी उच्चारलं नव्हतं. ताईने माझ्याकडे क्षणभर बघितलं आणि बदली खेळाडू मागितली. आम्ही थोडक्यात हरलो.

ती कळ खरी होती की माझा घाबरटपणा, मला आजही छातीठोक सांगता येणार नाही. नंतर स्कॅनमध्ये काही निघालं नाही, थोडी विश्रांती घेऊन मी परत खेळायला लागले आणि अजून खेळतेय. पण त्या संध्याकाळी हे काही माहीत नव्हतं. हरलेल्या पोरी माझ्याकडे न बघता बॅगा भरत होत्या. कपडे बदलायला आम्हाला मैदानालगतच्या शाळेचा एक वर्ग दिला होता. रेखाताईने सगळ्यांना बाहेर काढलं. मला म्हणाली, "तू थांब. दार लाव."

मी दार लावलं. आता काय ऐकून घ्यायचं ते ऐकून घ्यावं म्हणून मान खाली घालून उभी राहिले.

ती पहिलीतल्या मुलांच्या त्या बुटक्या बाकावर बसली होती. सावकाश तिने गुडघ्यावरची नी-कॅप खाली सरकवली. गुडघा सुजून गोल झाला होता, वाटी कुठे आहे तेच दिसत नव्हतं.

"तुला कसं कळलं गं?" तिने विचारलं. "कधी थांबायचं ते?"

"शिकवलं मॅडमनी."

"मला नाही कळत आता. सगळंच दुखतं. त्यात नवीन कुठलं, जुनं कुठलं, काय समजत नाही." ती खिडकीकडे बघत बोलत होती. "खाली बसता येत नाही मला. मी बाजारात निघाले की सासू मासळीची पाटी उचलून देते माझ्या डोक्यावर, तेव्हा समजतं तिला. ती गप्प बसते, मीपण गप्प बसते."

मी तिच्यासमोर फरशीवर बसले. ज्या बाईकडे बघून मी खेळाडू झाले, तिचा गुडघा मी पहिल्यांदा बघत होते.

"कुठे जास्त आहे?"

"आहे इकडेच कुठेतरी."

"दाबून बघू?"

तिने मान डोलावली. मी गुडघ्याच्या आतल्या बाजूला अंगठा ठेवला आणि हळूच दाबला.

रेखाताईने माझा खांदा गच्च धरला आणि मोठ्याने म्हणाली, "आई गं!"

बाहेर पोरींचा आवाज एकदम थांबला. मी उठून दाराकडे जायला लागले, तर तिने मला हाताला धरून खाली बसवलं.

"ऐकू दे," ती म्हणाली. "परत दाब."